अवाढव्य म्हणायचं की नाही

माझ्या भावोजींनी एकतीस वर्षांच्या नोकरीत ‘अवाढव्य’ हा शब्द एखाद्या वस्तूला तीनदाच लावला. एकदा एका बॉयलरसाठी, एकदा जहाजाच्या पंख्यासाठी आणि एकदा पुलाच्या तुळईसाठी. ती तुळई निघाली तेव्हा तिचं पुढचं टोक एका चौकात आणि मागचं दुसऱ्या चौकात होतं. बाकी सगळ्या जगाला त्यांनी ‘मोठं आहे’ एवढं म्हणून वाटेला लावलं. हे मी छातीठोकपणे सांगू शकते, कारण त्याच ऑफिसात मी टायपिस्ट होते आणि त्यांच्या तोंडून निघालेला शब्द कागदावर उतरवणं हेच माझं काम होतं. ताईसाठी हे स्थळही मीच सुचवलेलं. तेव्हा जे काही झालं त्यातलं निम्मं पाप माझ्या माथी आहे, हे आधीच कबूल करून टाकते.

आमचं ऑफिस म्हणजे अवजड माल परवाना कार्यालय. तीन खोल्या, एक पंखा, आणि भावोजी हे एकमेव निरीक्षक. दुसऱ्या निरीक्षकाची जागा सहा वर्षं रिकामी होती आणि तिच्या खुर्चीवर आम्ही छत्र्या ठेवायचो. रस्त्यावरून जाणारा माल आमच्याकडे दोनच जातींचा: मोठा आणि अवाढव्य. मोठ्या मालाचं काम सोपं. टेप लावायची, आकडे लिहायचे, पहाटे रस्ता मोकळा असताना जा बाबा म्हणायचं. पण माल अवाढव्य ठरला की सगळं शहर कामाला लागायचं. रस्ते बंद, पुढेमागे पोलीस, आडव्या फांद्या छाटायच्या, आणि विजेच्या तारा बांबूंनी वर उचलून धरायला वीज कंपनीची बारा माणसं.

आता अवाढव्य कशाला म्हणायचं? नियमपुस्तकात त्याबद्दल एकच ओळ होती: ‘जी वस्तू निरीक्षकास प्रथमदर्शनी अवाढव्य वाटेल ती.’ किती फूट, किती टन, काही नाही. ज्याने ही ओळ लिहिली तो बहुतेक जेवायच्या सुट्टीच्या पाच मिनिटं आधी लिहीत होता. त्यातून आमच्याकडे एक पद्धत पडून गेली. निरीक्षकाने वस्तूभोवती एक पूर्ण फेरी मारायची. फेरी संपायच्या आत शब्द तोंडातून निघाला आणि साक्षीदाराने तो कानांनी ऐकला, तर वस्तू अवाढव्य. नाही निघाला तर मोठी. फेरी एकच. दुसरी मागायची सोय नाही.

लोक यायचे आणि गयावया करायचे. “साहेब, अहो प्रचंड आहे हो!” भावोजी त्यांना चहा पाजायचे आणि शांतपणे समजावायचे. “हे बघा, प्रचंड तुम्ही डोकेदुखीलाही म्हणता. भव्य तर दुकानाच्या सेललासुद्धा म्हणतात. अगडबंब म्हणालात की माणूस हसायला लागतो. अवाढव्य तसं नाही. त्यात हसणं नाही आणि कौतुकही नाही. वस्तू बघताना डोळ्यांना जागा कमी पडली पाहिजे. हा एकच शब्द अजून कोणी वापरून वापरून गुळगुळीत केलेला नाही, तो मी नाही करणार.” मग जाऊन फेरी मारायचे, तोंड घट्ट मिटलेलं. परत येऊन अर्जावरचा ‘अवाढव्य’ लाल शाईने खोडायचे. ऑफिसात त्यांना टेपसाहेब म्हणत. मी मनातल्या मनात आणखीही काय काय म्हणायचे.

हा माणूस घरीही तसाच, आणि मी राहायचे त्यांच्याच घरी. ताईने नवे पडदे शिवले, “बरे आहेत.” मुलगी परीक्षेत पहिली आली, “ठीक.” तीच मुलगी जन्मली तेव्हा नर्सने मोठ्या हौसेने दुपटं उघडून दाखवलं, तर म्हणाले, “वजन घेतलं का?” नर्सचं तोंड मला अजून आठवतं. वाईट नव्हते हो. पगार हातात आणून द्यायचे, भांडीसुद्धा घासायचे. पण शब्दांच्या बाबतीत असा चिकट माणूस मी दुसरा पाहिला नाही.

ताई शाळेत भूगोल शिकवायची. शाळेतला पृथ्वीचा गोळा फुटबॉलएवढा आणि एका बाजूने चेपलेला. शेवटच्या बाकावरच्या मुलांना त्यावर फक्त एक निळा ठिपका दिसायचा. मुदतीआधीच निवृत्ती घेतली त्या दिवशी निरोपाच्या भाषणात ती बोलून गेली, “मी शाळेला असा गोळा करून देईन, की शेवटच्या बाकावरूनही नद्या मोजता येतील.” टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांना वाटलं, बोलण्याच्या भरात बोलली. त्यांनी ताईला ओळखलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने जुना कागद खळीत भिजवला, त्याचा संत्र्याएवढा गोळा वळला आणि पुढच्या खोलीत मधोमध ठेवला.

ती खोली म्हणजे मुळात कोणाचं तरी गोदाम. छत उंच, लांबी-रुंदी सारखीच, रस्त्याच्या बाजूला सलग भिंत आणि पार वर एक झरोका. घरात यायचं दार बाजूच्या बोळात. तिथे अकरा वर्षं ताईने कागदावर कागद चढवला. आतून बांबूच्या कामट्या, वरून थर. कागद मी पुरवायचे. ऑफिसात नाकारलेल्या अर्जांचे गठ्ठेच्या गठ्ठे पडलेले असत, ते मी पिशव्या भरभरून आणायचे. संत्र्याचं टरबूज झालं, टरबुजाचं पिंप झालं. मग पलंग आत गेला, कपाट आत गेलं, पाहुणे उभ्याउभ्या चहा घ्यायला लागले. शेवटी गोळा साडेनऊ फुटांवर थांबला, कारण ताईच्या मापाप्रमाणे तेवढा झाला की नद्या मोजता येणार होत्या. भावोजी रोज ऑफिसातून येऊन त्याच्या कडेने आत जायचे, चपला काढायचे आणि विचारायचे, “आज खळ घट्ट झाली का?” त्यापलीकडे अक्षर नाही.

शाळेने नवं सभागृह बांधलं. छताला गोळ्यासाठी कडी ठोकली, उद्‌घाटनाची तारीख ठरली. राहिलं काय तर गोळा नेणं. साडेनऊ फूट गोळा आणि साडेचार फूट ट्रक, झाले चौदा. वाटेतल्या तारा साडेतेरा फुटांवर. म्हणजे तारा उचलायलाच हव्या. आणि तारा कशासाठी उचलतात हे आमच्या घरात मांजरालाही ठाऊक होतं.

ताईने रीतसर अर्ज केला. मीच टाइप केला. ‘वस्तू: पृथ्वी. माल कुठून निघणार: राहत्या घरातून. अर्जदाराचे म्हणणे: अवाढव्य.’ तो अर्ज भावोजींनी ऑफिसात वाचला, घडी करून खिशात घातला आणि घरी येऊन ताईसमोर ठेवला. मी तिथेच भाजी निवडत होते.

“हे होणार नाही,” भावोजी म्हणाले.

“का?”

“प्रथमदर्शनी असं लिहिलंय नियमात. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा तो संत्र्याएवढा होता.”

ताईने माझ्याकडे बघितलं. मी भाजीकडे बघितलं.

“अहो, आता बघा ना मग,” ताई म्हणाली.

“आता बघतो तो रोज बघतो तोच. काल होता त्याहून आज एक कागद जास्त. एका कागदाला मी अवाढव्य कसं म्हणू?”

“नुसतं म्हणायला काय जातं तुमचं?”

“नुसतं म्हणायचं असतं तर एकतीस वर्षांत हजार जणांना म्हणालो असतो.”

ताईने हात पुसले. तिचा आवाज चढत नाही, उलट खाली येतो, आणि तो खाली आला की मी मुकाट्याने भांडी आवरायला घेते. ती म्हणाली, “मग माझंही ऐकून ठेवा. तुम्ही फेरी मारायची. शब्द आला तर गोळा शाळेत जाईल. नाही आला, तर मी पाण्याची नळी लावून त्याचा लगदा करीन, आणि पुन्हा या हातांनी कागद उचलणार नाही.”

नंतर ओट्यापाशी ती मला म्हणाली, “शाळेचं सोड गं. दुसरा गोळा विकत आणतील ते. तीस वर्षं मी या माणसाचं ‘बरं आहे’ ऐकतेय. मला एकदा, एकदाच त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकायचाय. बॉयलरला म्हणाले, आणि मला नाही?” तिचे डोळे भरून आले होते. मला भावोजींचा इतका राग आला, की मी दुसऱ्या दिवशी त्यांची तीन पत्रं मुद्दाम चुकवली.

तोडगा काढला आमच्या हेडक्लार्कने. हा गृहस्थ नियमपुस्तक उशाशी घेऊन झोपत असावा. तो म्हणाला, “टेपसाहेब, पार्सल विभागात एक नियम आहे. चाळीस दिवस कोणी पाहिलं नाही ते पार्सल नवीन आलं असं धरायचं. तुम्ही चाळीस दिवस गोळा पाहू नका. एकेचाळिसाव्या दिवशी पाहाल ते प्रथमदर्शन.”

“आणि बायकोची वस्तू आहे, त्याचं काय?” मी विचारलं.

हेडक्लार्कने पानं चाळली. “बायकोबद्दल नियमात काही नाही,” तो समाधानाने म्हणाला.

कोणीही शहाणा माणूस हे ऐकून कपाळाला हात लावील. भावोजींनी हेडक्लार्कचा हात हातात घेतला आणि दोनदा हलवला. तेव्हाच मला जरा शंका आली, की या माणसाला तो शब्द म्हणायचा आहे.

मग ते चाळीस दिवस सुरू झाले. घरात कुठेही जायचं तर पुढच्या खोलीतूनच वाट. भावोजी बोळातल्या दारात उभे राहायचे, पिशवीतून मफलर काढून डोळ्यांवर बांधायचे आणि भिंतीला हात लावत आत यायचे. ताई आतून सांगायची, “डावीकडे... अजून... आता बादली आहे.” बादली आहे हे ती दर वेळी भावोजींचा पाय आत गेल्यावरच सांगायची, असं माझं निरीक्षण आहे. एकदा ते गोळ्याला जाऊन धडकले आणि घाईघाईने म्हणाले, “माफ करा हं.” दाढीचा आरसा उलटा करून ठेवला, कारण त्यात पुढच्या खोलीचं दार दिसायचं. दाढी अंदाजाने. तो महिनाभर ऑफिसात त्यांच्या हनुवटीला कायम कापूस चिकटलेला.

घरात कोणी गोळा हा शब्द काढायचा नाही. आम्ही ‘ते’ म्हणायचो. एक दिवस पोस्टमनने दारातून डोकावून मोठ्याने म्हटलं, “बाप रे, केवढा हो हा!” भावोजी आतल्या खोलीत होते. त्यांनी कान झाकले, पण तोपर्यंत ऐकून झालं होतं. ऐकणं हे अर्धं बघणं, असा त्यांनी स्वतःच निकाल दिला आणि शिक्षा म्हणून तीन दिवस वाढवले. चाळीसचे त्रेचाळीस झाले. ताईने पोस्टमनला पुढे आठवडाभर चहा विचारला नाही.

त्याच दिवसांत ताईने रंग दिला. आधी सगळा गोळा अर्जांच्या रंगाचा, करडा आणि लाल रेघोट्यांचा होता. ती पहाटे शिडीवर चढायची ती भावोजी ऑफिसातून परत येईपर्यंत. त्या मफलरमधून त्यांना रंगाचा वास तेवढा यायचा. एका संध्याकाळी ते स्वयंपाकघरात पाटावर बसून वाटाणे सोलत होते. सोलता सोलता मला हळूच विचारलं, “वाढलाय का गं?”

“सांगू?”

“नको, नको.” मग आणखी चार शेंगा सोलल्या. “मला म्हणता येईल ना?”

“त्यात काय अवघड आहे? तोंड उघडायचं आणि म्हणायचं.”

“तसं नाही. समज, मफलर काढला आणि मला आपला तोच दिसला, रोजचा. तर खोटं नाही म्हणता येणार. बाकी कोणाला कळणार नाही, पण तिला कळेल. मग काय करायचं?” शेंग सोलून त्यांनी टरफल भांड्यात टाकलं आणि वाटाणे कचऱ्यात. इतकी वर्षं मला वाटत होतं की हा माणूस दगड आहे. त्या दिवशी मला त्यांची पहिल्यांदा दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचा रागही आला.

चव्वेचाळिसाव्या दिवशी सकाळी दहा वाजता सरकारी तपासणी. भावोजी टोपी घालून, टेप घेऊन, मफलर बांधून बोळात उभे. साक्षीदार म्हणून हेडक्लार्क, लिहून घ्यायला मी. ताईने ठेवणीतली साडी नेसली होती. ती गोळ्याच्या अलीकडे भिंतीला टेकून उभी राहिली, आणि तिच्या हातात पाण्याची नळी होती. नळ मागच्या अंगणात होता आणि तो चालू करायला आत कोणी नव्हतं, पण नळी होती.

“अर्जदार हजर?” हेडक्लार्कने विचारलं.

“हजर,” ताई म्हणाली.

भावोजींनी मफलर सोडला. समोर, नाकापासून हातभर अंतरावर, कुठल्या तरी वाळवंटाचा पिवळा रंग होता. खोली बारा फूट रुंद, गोळा साडेनऊ. मागे दार, पुढे वाळवंट. ते वर बघायला लागले तर टोपी दाराच्या चौकटीला लागून पडली. बघता येईल तेवढं बघितलं. तोंड उघडलं. तोंड मिटलं. ते फेरीला निघाले.

ते उजवीकडून आडवे होऊन सरकू लागले. पाठ भिंतीला, पोट गोळ्याला. एक पाऊल, थांबणं, एक पाऊल. अजून शब्द नाही. रस्त्याकडच्या भिंतीशी ते वळले आणि आम्हाला दिसेनासे झाले. कपड्यांची घासाघीस ऐकू येत होती. मग तीही थांबली.

“काय झालं?” हेडक्लार्कने विचारलं.

पलीकडून आवाज आला, “अडकलो.”

“म्हणजे?”

“पुढे जाता येत नाही. मागेही जाता येत नाही. विषुववृत्तावर पोट आलंय.”

तिकडच्या बाजूला जागा वीतभरच होती. ताई सडपातळ, ती सहज जायची. भावोजींच्या पोटाचं माप कोणी घेतलंच नव्हतं, आणि ते माप घेणारा एकच माणूस शहरात होता, तो पलीकडे अडकला होता. मी ओरडले, “श्वास सोडा सगळा!” ते म्हणाले, “सोडलाय. परत घेताना अडचण होतेय.”

“काय दिसतंय तुम्हाला?” ताईने विचारलं. अशा वेळी तिने हेच विचारलं.

“निळं,” भावोजी म्हणाले. “नुसतं निळं. संपतच नाहीये.”

हेडक्लार्कने माझ्या कानात सांगितलं, “निळं लिहू नका, तो निकाल नाही.” आणि मग त्याला काहीतरी सुचलं. त्याने गोळ्याकडे बघितलं. आम्ही आलो त्या दाराकडे बघितलं. दार तीन फुटांचं. तो म्हणाला, “बाई, पण हा घराबाहेर काढणार कसा?”

मी खोटं बोलणार नाही. अकरा वर्षांत हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाही पडला नव्हता. आम्ही तारांची उंची मोजली, ट्रकची मोजली, शाळेच्या कडीची मोजली. सगळा जन्म रस्त्यांचे परवाने देण्यात गेलेली माणसं आम्ही. माल कुठून निघणार, राहत्या घरातून, असं मी स्वतःच्या बोटांनी टाइप केलं होतं. ताई माझ्याकडे बघायला लागली, मी हेडक्लार्ककडे, आणि हेडक्लार्क नियमपुस्तकाकडे.

पलीकडे भावोजींना धाप लागली होती. आवाज बारीक झाला होता. ताईने नळी खाली टाकली, आत गेली आणि बांबू कापायची करवत घेऊन आली.

“अहो, हलू नका. कापते मी. या बाजूने पाचर काढली की गोळा इकडे सरकेल.”

“काय कापतेस?”

“गोळा.”

“खबरदार!” असा आवाज मी त्यांच्या तोंडून जन्मात ऐकला नव्हता. हेडक्लार्कच्या हातातून पुस्तक पडलं. “हात लावशील तर याद राख!”

“अहो, जीव जाईल तुमचा! गोळा काय, पुन्हा करीन मी.”

“आणखी अकरा वर्षं? कापायचा नाही म्हणतो ना. भिंत पाडा!”

“घराची भिंत?”

“मग कोणाची? बोलव गवंड्याला, लवकर!”

मी पळतच गेले. गवंडी पलीकडच्या गल्लीत कोणाचा तरी जिना करत होता. तो आला, रस्त्यावरून भिंत ठोकून बघितली आणि म्हणाला, “ही भिंतच नाही. गोदामाचं जुनं फाटक आहे, नंतर विटांनी भरून घेतलंय. वर लोखंडी तुळई आहे. सगळं काढलं तरी घर हलणार नाही.” असं म्हणून त्याने घण घातला. आतून भावोजी सांगत होते, “माझ्या बाजूने मारा! गोळ्याच्या बाजूने नको!” म्हणजे माझ्या पाठीत मारा, पण तिच्या कामाला धक्का नको. गवंडी म्हणाला, “साहेब, तुम्ही गप्प राहा, मला ठोकू द्या.” वीस मिनिटांत एक भगदाड पडलं आणि त्यातून आधी एक पाय, मग पोट, मग उरलेले भावोजी बाहेर आले. चुन्याने माखलेले, शर्टाच्या पुढच्या बाजूला निळा रंग. गवंडी थांबला नाही. फाटक दिसलं की ते पूर्ण मोकळं करायचं, असा त्याचा स्वभाव. विटा धडाधड खाली आल्या आणि धुळीचा असा लोट उठला, की भावोजी खोकत खोकत मागे सरकत गेले, रस्ता ओलांडला आणि पार समोरच्या फुटपाथवर जाऊन उभे राहिले. रस्त्यावरची माणसं थांबली. एक बस थांबली.

मग धूळ बसली.

त्या खोलीत कोणीही, ताईनेसुद्धा, एवढा झालेला गोळा कधी दोन हातांपेक्षा लांबून बघितला नव्हता. लांब जायला जागाच नव्हती. भावोजींनी इतकी वर्षं नुसतेच तुकडे बघितले होते. आता ते चाळीस पावलांवर होते आणि समोरच्या फाटकात, उन्हात, वरपासून खालपर्यंत एकच एक निळा समुद्र उभा होता. त्याच्या कडेने बेटांचे ठिपके. फाटक भरून राहिलं होतं. आणि बाजूला विटांच्या ढिगावर ताई, करवत हातात, गोळ्याच्या निम्म्या उंचीची.

भावोजींनी डोळ्यांतली धूळ पुसली. पुन्हा बघितलं. त्यांचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. मग त्यांनी दोन्ही हात वर केले, कशासाठी ते त्यांनाही सांगता येणार नाही, आणि रस्ताभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, “अवाढव्य!”

बसमधले लोक उठून उभे राहिले. कोणीतरी टाळी वाजवली. हेडक्लार्क भगदाडातून वाट काढत बाहेर आला आणि घड्याळ बघून म्हणाला, “अकरा वाजून सात मिनिटं. फेरी पूर्ण झालेली नाही, म्हणजे मुदतीत आहे. साक्षीदाराने ऐकलं.” मी लिहून घेतलं. अक्षरं वेडीवाकडी आली, तो कागद तसाच दप्तरी आहे.

ताई विटांवर खाली बसली. तोंडाला पदर लावून रडत होती की हसत होती ते मला कळलं नाही. मी जवळ गेले तर म्हणाली, “आता नाही नेला शाळेत तरी चालेल गं.”

“न्यावाच लागेल,” हेडक्लार्क म्हणाला. “शब्द निघालाय.”

चार दिवसांनी गोळा निघाला. सहा रस्ते बंद केले, बारा माणसांनी बांबूंनी तारा उचलून धरल्या. नियमाप्रमाणे निरीक्षकाने पुढे तोंड करून, रस्त्यावर नजर ठेवून मालाच्या पुढे चालायचं असतं. भावोजी मालाच्या पुढे होते खरे, पण शाळेपर्यंत सबंध वाट ते उलटे चालले, गोळ्याकडे तोंड करून. दोनदा गटारात पाय गेला. ताई ट्रकच्या मागून चालत होती, कारण मागची दोरी सैल वाटत होती. म्हणजे मधे पृथ्वी, एका बाजूला भावोजी आणि दुसऱ्या बाजूला ताई, एकमेकांना दिसायचा प्रश्नच नव्हता. प्रत्येक चौकात तारा वर गेल्या, गोळा खालून सरकला की भावोजी पुढून मोठ्याने म्हणायचे, “अवाढव्य आहे गं!”

आणि ताई मागून ओरडायची, “काय म्हणालात? ऐकू नाही आलं!”

मी तिच्या शेजारून चालत होते. तिला सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. पुढून पुन्हा तोच शब्द यायचा, आधीपेक्षा मोठ्याने, आणि ती पुढच्या चौकापर्यंत गप्प चालायची.